हान बाईंची रिकामी पाकिटं

पुण्यात हान बाई दर रविवारी कोरियन मुलांची शाळा चालवायच्या. मुलं तिथे आपली भाषा, ढोल आणि सणवार शिकायची, पण फीमधून जागेचं भाडंसुद्धा निघत नसे. श्रीरंगशेठ काटकरांना देणगी जाहीर करायची भारी हौस, द्यायची नव्हे. तीन वर्षं या शाळेला देणगी जाहीर केल्याचे फोटो तेवढे छापून आले.

यंदा कोरियन नववर्षाआधी शेठ म्हणाले, "सगळ्या मुलांनी स्टेजवर माझ्या पाया पडायचं. मग बघू देणगीचं."

"आमच्यातही त्या दिवशी मोठ्यांना नमस्कार करतात," बाई म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस करतील."

सभागृह भरलं. मुलं गुडघे टेकून वाकली, शेठ फुलले. तेवढ्यात बाईंनी चाळीस रिकामी पाकिटं त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"नमस्कार करणाऱ्या मुलाला मोठ्यांनी पैसे द्यायचे, ही आमची रीत. मुलांनी ते शाळेला द्यायचं ठरवलंय."

समोर पालक, बाजूला फोटोवाला. शेठनी घाम पुसत हळूच विचारलं, "प्रत्येकी किती?"

"तसा आकडा ठरलेला नसतो," बाई माइकवरून म्हणाल्या. "देणारा स्वतःला जेवढा मोठा समजतो, तेवढे."