खुरप्याने केलेली लागवड

अवजारं माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. द्वारकाबाईंच्या परसात एक खुरपं होतं. परसाची सगळी शिस्त आपल्यामुळेच आहे, असा त्याचा ठाम समज होता.

कुंपणाशी पांढऱ्या फुलांचं, गुडघाभर उंचीचं चित्रकाचं झुडूप होतं. त्याच्या मुळांतून फुटवे निघत आणि भाजीच्या वाफ्यात शिरत. खुरपं ते उकरून ओढ्याकाठच्या बांधावर भिरकावायचं.

"दादा, जरा हळू," चित्रक म्हणायचा. "मुळाचा तुकडा पडला, की तिथे नवं झाड येतं."

"मला शिकवतोस?" म्हणत खुरपं आणखी बारीक तुकडे करायचं.

भाद्रपदात ओढ्याला पूर आला. शेजाऱ्यांचे बांध वाहून गेले. द्वारकाबाई धावत आल्या, तर त्यांचा बांध जागच्या जागी होता. त्यावर चित्रक दाट माजला होता आणि मुळांनी माती घट्ट धरली होती.

"अरे खुरप्या, एवढी लागवड केलीस आणि बोलला नाहीस!" बाईंचे डोळे भरून आले.

खुरप्याला क्षणभर मिरवावंसं वाटलं, पण त्याचं त्यालाच हसू फुटलं.

"लागवड कसली, बाई! मी तर याचं नाव पुसायला निघालो होतो. तेवढंही मला धड जमलं नाही."