मागच्या सीटवरचा घाट

एकदा एक तरुण कापडव्यापारी एका वृद्ध गुरूकडे मोटार शिकायला गेला. हे गुरू म्हणजे घाटमाथ्यावरच्या एका गावाचे अण्णा. पंचक्रोशीतल्या निम्म्या माणसांना त्यांनी गाडी शिकवली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना रस्त्यावर पाहिले की ते लगेच खुलासा करीत, "हे माझे नव्हेत."

तरुणाला गाडी हवी होती ती वडिलांसाठी. नानांच्या मणक्यात कर्करोगाने ठाण मांडले होते. किरणांचा शेक घेण्यासाठी त्यांना वारंवार घाट उतरून जिल्ह्याच्या इस्पितळात न्यावे लागे, आणि एसटीच्या बाकावर त्यांना आता बसवत नसे. म्हणून नवी गाडी आली. बॉनेटवर स्वस्तिक काढले, नारळ फोडला, चाकांखाली लिंबे चिरडली आणि तरुण शिष्य होऊन अण्णांशेजारी बसला.

अण्णांची शिकवण संथ होती. "क्लच हळू सोड. गाडीला कळू दे की निघायचंय." शिष्य क्लच सोडी, गाडी उडी मारी आणि बंद पडे. "बेडकाला लायसन दिलं असतं तर त्यानं अशीच चालवली असती," अण्णा शांतपणे म्हणत. मग चढावरचा अर्धा क्लच झाला. उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडायची नाही, हेही झाले. थांबताना अगदी शेवटी ब्रेकवरचा पाय किंचित सैल करायचा, म्हणजे गाडी पुढे हिसका देत नाही, हा धडा तेवढा उरला होता. पण त्याआधीच परवाना हातात पडला, आणि परवाना हातात पडलेला शिष्य कुणाचा थांबतो!

गाडी चालू लागली तशी ती त्याला आवडू लागली. आवडू लागली तशी अपुरी वाटू लागली. नाना इस्पितळात आत असत तेवढा वेळ हा समोरच्या गल्लीत गाड्या सजवणाऱ्याच्या दुकानी जाऊन बसे. आधी लालभडक रेक्झिनची कव्हरे आली. मग सायलेन्सर बदलला. तो असा की सकाळी गाडी सुरू झाली की वेशीपर्यंतच्या म्हशी पान्हा चोरत. मग रुंद चाके आली, त्यांवर भाकरीएवढे पातळ टायर आले. शेवटी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. इतकी खाली, की रस्त्यात मुंगी आडवी आली तर तिला डोके वाकवून जावे लागे.

"नाना, कशी दिसते?" त्याने विचारले.

"झकास," नाना म्हणाले, आणि भिंतीला धरून मागच्या सीटवर आडवे व्हायला निघाले.

असे काही दिवस गेले. मग एका सकाळी नानांनी अंगावरची चादर दूर केलीच नाही.

"मी आता येणार नाही."

"म्हणजे काय? डॉक्टर वाट बघतायत."

"बघू देत. पुरे झालं."

डॉक्टरांनी मुलाला आडपडदा न ठेवता सांगितले होते. रोग हटायचा नाही. पण शेक चालू राहिला तर दुखणे आटोक्यात राहील. थांबला तर शेवटचे दिवस बघवणार नाहीत. मुलाने समजावले, पाया पडला, शेवटी ओरडलासुद्धा. नानांनी भिंतीकडे तोंड केले.

तो तडक अण्णांकडे आला. "अण्णा, तुमचा शब्द मानतील ते. चला एकदा. जगायची इच्छाच सोडलीय त्यांनी."

अण्णांनी ओट्यावरूनच गाडी पाहिली. मग उतरून तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हात पुढे केला. "किल्ली दे."

"चला, मी चालवतो ना."

"तू मागे आडवा हो. नाना निजतात तसा."

"मी? काय अण्णा, चेष्टेची वेळ आहे का ही?"

"तोंड कुठं असतं त्यांचं?"

"सीटच्या पाठीकडे. त्या कुशीवर जरा बरं वाटतं त्यांना."

"तसाच नीज. नाना वाटेत बोलतात का?"

"नाही."

"मग तूही बोलू नकोस."

म्हातारा बिथरला, असे शिष्याच्या मनात आले. पण गुरूचा शब्द. तो पाय दुमडून आडवा झाला. अण्णांनी गाडी घाटाकडे काढली, आणि आयुष्यात प्रथमच वाईट चालवली. म्हणजे हुबेहूब शिष्यासारखी. क्लच सोडताना हिसका, वळण आले की करकचून ब्रेक, वळण सुटले की इंजिनाची डरकाळी. कापलेल्या स्प्रिंगांवरून प्रत्येक खड्डा थेट हाडांत येत होता. ज्या घाटाची वळणे शिष्याला तोंडपाठ होती, त्यातले एकही आता त्याला येताना कळेना. डोळ्यांसमोर फक्त लाल रेक्झिन. कधी डोके दारावर आपटे, कधी गुडघे पुढच्या सीटवर. आणि हा तर धडधाकट माणूस.

एका खड्ड्याला तो सीटवरून पडायलाच आला. आधारासाठी त्याचा हात आपोआप सीटच्या आणि पाठीच्या फटीत गेला. तिथे कव्हराची शिवण उसवलेली होती. आतला फोम कुरतडल्यासारखा खोल गेला होता, आणि त्याची बोटे त्या खळग्यांत नेमकी बसली. कव्हरे नवी होती. या सीटवर नानांशिवाय कुणी कधी निजले नव्हते.

"अण्णा, थांबवा."

अण्णांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद झाले. शिष्य उठला नाही. त्याने हातही बाहेर काढला नाही.

अण्णा बोलले. "चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. त्याचं अंग आधीच सावध होतं, म्हणून त्याला धक्का लागत नाही आणि गाडी छान चालली असं वाटतं. मागं निजलेल्याला काहीच दिसत नाही. त्याला प्रत्येक खड्डा अवचित. बाळा, नानांना जगणं नकोसं झालेलं नाही. त्यांना हा घाट नकोसा झालाय."

"मग बोलायचं ना त्यांनी! एका शब्दानं तरी!"

"तू काय विचारलं होतंस?"

शिष्याला आठवले. 'कशी दिसते?' एवढेच.

"पोरगा इतक्या हौसेनं गाडी दाखवतो," अण्णा म्हणाले, "त्या हौसेवर कुठला बाप बोळा फिरवील?"

दुसऱ्या दिवशी शिष्य सजावटवाल्याकडे गेला. "मूळच्यासारखं सगळं परत बसव. स्प्रिंगा नव्या आण."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? लोक हे करून घ्यायला माझ्या पाया पडतात!"

"त्यांचं कर. माझं काढ."

आणि शिकवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आता अण्णा डोळे मिटून मागे आडवे होत आणि हिसका बसला की नुसते "हं" म्हणत. पहिल्या दिवशी इतके हं झाले, की रस्त्याने जाणाऱ्याला वाटावे, गाडीत कुणी जपाला बसले आहे. हळूहळू जप विरळ झाला. ज्या दिवशी तो थांबला, त्या दिवशी शिष्याने घाबरून मागे वळून पाहिले. अण्णा घोरत होते.

नाना मात्र सहजी तयार झाले नाहीत. त्या गाडीचे नाव काढले तरी त्यांचा चेहरा आक्रसे. "आता कशाला रे," एवढेच म्हणत.

मुलगा त्यांच्या उशाशी बसला. "नाना, माझं चुकलं. एकदाच चला. तुम्ही म्हणाल तिथून गाडी परत फिरवतो."

नानांनी उठण्यासाठी हात पुढे केला.

गाडी निघाली ती कळलीही नाही. प्रत्येक वळणाआधी मुलगा गिअर उतरवत होता, खड्ड्याशी जवळजवळ थांबून एकेक चाक उतरवत होता. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते, शिव्या देत होते. तो ऐकत नव्हता. त्याचे कान मागच्या सीटकडे लागले होते. मागून ना हुंकार, ना कण्हणे. आरशात त्याला वडिलांची फक्त पाठ दिसत होती.

घाट मागे पडला. दोन्ही बाजूंना भातखाचरे लागली. तेव्हा मागून आवाज आला, झोपेतून आल्यासारखा.

"घाट लागला का रे?"

मुलगा म्हणाला, "संपला, नाना."

"मग निजतो जरा," नाना म्हणाले.

पुढे फार खेपा झाल्या नाहीत. रोगाने त्याचे काम केलेच. पण उरलेल्या एकाही खेपेला नाना यायला नाही म्हणाले नाहीत.

आपल्या भरवशावर जो डोळे मिटून मागे निजला आहे, गाडी कशी चालली आहे हे त्यालाच ठाऊक असते.