शोधणाऱ्याचं नाव

रविवारी कुणीतरी डेअरीचं शीतगृह बंद केलं आणि सगळं दूध नासलं. सोमवारी जनरल मॅनेजर घोरपडकरांनी सगळ्यांना बोलावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर संगणकातल्या कालच्या नोंदी शोधल्या. एकच नाव आलं, संगणक विभागप्रमुख मृणाल तांबवेकरचं.

"मी ते पुन्हा सुरू केलं, साहेब."

"मग बंद काय भुतानं केलं? संगणक खोटं बोलत नाही, बाई. राजीनामा लिहा."

"लिहिते. आधी याच संगणकावरून, तुमच्या हातानं शीतगृहाचं तापमान एक अंश वाढवा."

साहेबांनी सगळ्यांदेखत वाढवलं.

"आता आजच्या नोंदी शोधा."

पडद्यावर काहीच आलं नाही.

"हा शोध शोधणाऱ्याच्याच नोंदी गाळतो," म्हणत मृणालने आपला लॅपटॉप पडद्याला जोडला. "आता कालचं मी शोधते."

ओळ उमटली: शीतगृह बंद, घोरपडकर.

साहेब पांढरेफटक पडले. "मी तर घरून, मोबाइलवरून, केबिनचा एसी बंद केला होता..."

"संगणक खोटं बोलत नाही, साहेब," मृणाल म्हणाली. "फक्त विचारणाऱ्याची भीड ठेवतो."