झुंबरचा पार

आंबडोहच्या फाट्यावरचा हा लिंब आणि त्याच्याभोवतीचा पार. पूर्वेच्या बाजूला दोन माणसं बसतील एवढीच जागा चुन्याने पांढरी केलेली दिसेल तुम्हाला. तिथे कुणी बसत नाही. तुम्हीही बसू नका, इकडे सावलीला या.

मघाशी टपरीवर मी विचारलं, कोणत्या मंडळीचे, म्हणजे कोणत्या चर्चचे? तर तुमच्यातली ही चष्म्याची मुलगी म्हणाली, "आम्ही फक्त ख्रिस्ती, आजोबा," आणि बाकीचे हसलात. मला राग आला नाही. म्हणजे थोडा आला, पण तो तुमचा नव्हे. या फाट्यावर ते उत्तर ऐकलं की आमच्याकडच्या कुणालाही कसंसंच होतं.

मी शमुवेल त्रिभुवन, गाव आंबडोह, मेथडिस्ट. आमच्याकडे ओळख अशीच सांगतात. शाळेतल्या पोराला नाव विचारा, ते मंडळीसकट सांगून मोकळं होतं. पाहुण्यांना वाटतं, यांच्यात फूट फार. भांडणं आमच्यात नाहीत असं मी म्हणणार नाही, एकदा तर लाउडस्पीकर कुणाचा मोठा यावरून झालं होतं. पण ही रीत भांडणातून आलेली नाही. ती या पारावरून आली, असे सांगतात.

सव्वाशे वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला. माणसं घरदार टाकून कामाच्या शोधात निघाली. त्यात एक विधवा बाई दोन मुलींना घेऊन चालली होती. थोरली भागू दहा वर्षांची, धाकटी झुंबर सहाची. या लिंबाखाली येऊन आई टेकली ती उठलीच नाही. मुली तिच्या पायाशी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुष्काळातली पोरं गोळा करणारी एका मिशनची बैलगाडी आली, म्हणे. गाडी काठोकाठ भरलेली. गाडीवान म्हणाला, एकच पोर मावेल, दुसरीसाठी मी परवा येतो. भागूने झुंबरला उचलून आत दिलं. धाकटीला ताप होता, ती रडलीसुद्धा नाही. भागू गाडीबरोबर थोडी चालली आणि परत येऊन आईजवळ बसली. गाडी कोणाची, हे तिने विचारलं नाही. उपाशी पोरीला कसलं मिशन आणि कसली मंडळी.

गाडीवान परत यायच्या आत दुसऱ्या मिशनचे लोक त्याच रस्त्याने आले. त्यांनी आईला माती दिली आणि बेशुद्ध पडलेल्या भागूला सोबत नेलं. ती शुद्धीवर आली ती वीस कोसांवरच्या अनाथाश्रमात. ते लोक मेथडिस्ट होते. धाकटीला नेणारे कोण, हे त्यांनाही सांगता येईना.

पुढे बाप्तिस्मा झाला आणि भागूची मार्था झाली. तिकडे झुंबरचंही नाव बदललं असणार, हे तिला कळत होतं. नाव गेलं, गाव गेलं, आई तर मातीखाली. बहिणीला शोधायचं तर आता एकच खूण उरली होती, ती म्हणजे नेणाऱ्यांची मंडळी. आणि तेवढंच नेमकं तिने विचारून ठेवलं नव्हतं.

मोठेपणी ती बायबलबाई झाली. बायबलबाई म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगणारी. तिने लग्न केलं नाही. दूरचा मुलूख ती मुद्दाम मागून घ्यायची. वाटेत ख्रिस्ती बाई भेटली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, कोणत्या मंडळीच्या? उत्तर मिळालं की पुढचा, तुमच्यात दुष्काळातल्या मुली आहेत का? मग ती त्या मिशनच्या दारात जाऊन उभी राहायची. काही ठिकाणी मान मिळाला, काही ठिकाणी चार शब्द ऐकावे लागले. रोमन फादरांचं, म्हणजे कॅथलिकांचं, मिशन नदीपलीकडे होतं. त्या काळी आमची बायबलबाई तिकडे पाऊल टाकत नसे. तेवढं एकच राहिलं होतं.

अशी वीस वर्षं गेली. एकदा उन्हाळ्यात मार्थाबाई याच पारावर टेकली होती. ती इथून जाताना नेहमीच टेकायची. तेवढ्यात डोईवर गाठोडं घेतलेली एक बाई आली आणि शेजारी बसली. गळ्यात क्रूस होता. मार्थाबाईने फडकं सोडलं, भाकरी अर्धी केली आणि विचारलं, "कोन्या मंडळीच्या म्हणायच्या तुमी?"

त्या बाईने अर्धी भाकरी हातात घेतली. मग म्हणाली, "निस्ती ख्रिस्ती म्हना बाई. ख्रिस्ताच्या घरात कशापायी भिंती घालायच्या?"

तिच्याही उत्तराला कारण होतं, ते मागाहून कळलं. ती एका मंडळीची, नवरा मूळचा दुसऱ्या मंडळीचा. त्यांचं तान्हं बाळ गेलं तेव्हा ते कोणाच्या जमिनीत पुरायचं यावर दोन्हीकडची चार-चार माणसं सकाळपासून दुपारपर्यंत वाद घालत राहिली, आणि ही बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्या दिवसापासून तिने कुठल्याच मंडळीचं नाव घेणं सोडलं.

मार्थाबाईला ते उत्तर ऐकून शरम वाटली, म्हणे. आपण ख्रिस्ताची प्रीती सांगत फिरतो आणि माणसाला आधी विचारतो काय, तर मंडळी. तिने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. दोघी घटकाभर बसल्या, उन्हाच्या गोष्टी बोलल्या. त्या बाईला लांब जायचं होतं, म्हणून मार्थाबाईने उरलेली भाकरी त्याच फडक्यात बांधून तिला दिली. फडक्याच्या कोपऱ्याला तिने स्वतः घातलेले लाल दोऱ्याचे टाके होते.

तीन वर्षांनी इथेच एक म्हातारा गाडीवान बैल सोडून बसलेला तिला भेटला. दाजीबा त्याचं नाव. बोलता बोलता तो लिंबाकडे बघून म्हणाला, "ह्या झाडाखालनं दुष्काळात एक पोर नेली व्हती म्या. थोरलीला तिसऱ्या दिशी न्यायला आलो, तर जागा रिकामी."

मार्थाबाईने त्याचे पाय धरले. "गाडी कोनाची व्हती, बाबा?"

"रोमन फादरांची. पोरीचं नाव मोनिका ठिवलं. पळसवाडीला दिली. तू थोरली का?"

मार्थाबाई ऊन बघेना की तहान. नदी ओलांडून संध्याकाळच्या आत ती पळसवाडीला पोचली. मोनिकाचा नवरा अंतोन दारातच बसला होता. बायको जाऊन महिना झाला होता. आपण कोण हे मार्थाबाईने सांगितलं. तो आत गेला आणि तिच्या मागे उरलेल्या चार वस्तू घेऊन आला. त्यांत लाल टाक्यांचं फडकं होतं.

"हे एका बायबलबाईचं," अंतोन म्हणाला. "ती लई बोलायची त्या बाईचं. म्हनायची, एवढ्या मायेनं इचारलं तिनं, आन् म्या तिला सभेतल्यावानी उत्तर दिलं. सरळ सांगाया पायजे व्हतं."

मार्थाबाईने फडकं हातात घेतलं नाही, म्हणे. तुझ्याजवळच राहू दे, म्हणाली, आणि तशीच माघारी आली. त्यानंतर तिने फिरणं सोडलं. मरेपर्यंत ती रोज या पारावर येऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हात जोडून एकच सांगायची. नाव सांगा, गाव सांगा, मंडळी पण सांगा. कुणीतरी शोधत असेल.

तेव्हापासून आम्ही सांगतो. अशाने आजवर कुणाला कुणी सापडल्याचं माझ्या ऐकिवात नाही, तरी सांगतो.

आजही नाताळच्या आधीच्या रविवारी रोमन, मेथडिस्ट, मुक्तिफौजवाले, सगळे इथे जमतात आणि एकेक जण उठून आपली ओळख सांगतो. सगळ्यांचं झालं की एक मेथडिस्ट बाई त्या पांढऱ्या जागेवर बसते. वर्षातून तेवढाच वेळ तिथे कुणी बसतं. शेजारची जागा मोकळी ठेवून ती विचारते, "कोन्या मंडळीच्या म्हणायच्या तुमी?" गर्दीतून एक रोमन बाई उठते आणि म्हणते, "रोमन. दुष्काळातली. झुंबर माझं नाव." मग ती शेजारी येऊन बसते आणि दोघी एक भाकरी अर्धी करतात.

तेरा वर्षं विचारणारी बाई माझी आई होती. शेवटच्या वर्षी तिला काही आठवत नव्हतं, मला ती दादा म्हणायची. आम्ही तिला धरून आणून बसवलं. प्रश्न तेवढा तिने बरोबर विचारला. उत्तर आलं, झुंबर झालेली बाई शेजारी येऊन बसली, तर आईने भाकरी बाजूला ठेवली, तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाली, "एवढंच तर सांगायचं व्हतं गं."