घाणेरीची परी आणि बुरडाची झुंबर

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती आणि वाडीच्या कडेला बुरडाचं एक घर होतं. या गोष्टीत राजा नाही नि राणीही नाही. असते तरी त्यांना धान्य पाखडायला सूप लागलंच असतं, आणि सूप घ्यायला ते याच घरी आले असते.

घरात तिघं. बाप, ज्याला सगळे आबा म्हणत, आई आणि त्यांची पोर झुंबर. झुंबर एवढीशीच. नुकता तिचा पुढचा दुधाचा दात पडला होता आणि त्याच्या जागी नव्या दाताचं पांढरं टोक इवलंसं डोकावत होतं. आबा कोयतीनं बांबू चिरायचा, झुंबर कामट्या गोळा करायची, आई विणायला बसायची. काम चालू असलं की आबाच्या तोंडाला विसावा नसे.

"झुंबरराणी, ही कामटी आहे का म्हशीचं शेपूट? नीट धर!"

"म्हैस तुझ्यापेक्षा नीट बसते," झुंबर म्हणायची, आणि दोघं हसायची.

मग एक साल असं आलं, की डोंगरावरचा सगळा बांबू फुलला. हिरव्या बेटांवर पिवळेधम्मक तुरे डुलायला लागले, उन्हात सोन्याच्या भुशासारखे चमचमायला लागले. पोरं टाळ्या पिटत नाचली. जाणती माणसं मात्र गप्प झाली. बांबू जन्मात एकदाच फुलतो, आणि फुलला की मरतो, हे त्यांना ठाऊक होतं. झालंही तसंच. उन्हाळा सरेपर्यंत बेटंच्या बेटं वाळून करडी पडली. हात लावला की कडाकडा मोडायची. खाली सांडलेल्या बियांतून कोंब आले, पण केसाएवढे. त्यांचा बांबू व्हायचा तर आधी झुंबरला मोठं व्हावं लागणार होतं.

मोकळ्या पडलेल्या डोंगरावर मग माजली ती घाणेरी. गुलाबी, पिवळ्या, केशरी फुलांची, पण उग्र वासाची आणि बारीक काट्यांची. शेळी तिला तोंड लावत नाही, माणूस जवळून जाताना नाक धरतो.

आबानं कोयती कोपऱ्यात टाकली आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. जेवायला उठायचा, पुन्हा आडवा. बोलणं बंद, हसणं बंद. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली. चूल कधी दोनदा पेटायची, कधी एकदा.

एके दिवशी झुंबरचे थोरले चुलते आले. त्यांना सगळे नाना म्हणत.

"लिंबाजी, आपला धंदा संपला बघ," नाना म्हणाले. "अमावास्या झाली की मुकादमाचा टेम्पो येतोय. घराला कुलूप घाल आणि वीटभट्टीवर चला तिघं. पोरीचे हात लहान आहेत, पण विटा उलटायला चालतात."

आबा भिंतीकडंच बघत राहिला. नानांनी तोच होकार धरला.

"मी नाही येणार," झुंबर म्हणाली.

"तुला विचारलं कुणी?"

"नाही विचारलं म्हणून तर सांगितलं."

नाना गेल्यावर तिनं कोपऱ्यातली कोयती उचलली. बांबू नाही ना, नसू दे. डोंगरावर जे आहे त्याचं काहीतरी करू. ती घाणेरीच्या काड्या घेऊन बसली. काट्यांनी हात ओरबाडले, कोयतीनं बोटं कापली. पहिल्यांदा जे झालं त्यात कावळासुद्धा राहिला नसता. तिनं ते उसवलं आणि पुन्हा बसली. रोज बसली. काडी कुठं चिरते, कुठं वाकते, कुठं दगा देते, हे तिच्या हातांना हळूहळू कळायला लागलं. शेवटी एक दुरडी झाली. छोटीशी, एका बाजूला कललेली, पण दुरडीच.

लोक तिला बुरडाची पोर म्हणायचे. दुरडी हातात धरून ती उभी राहिली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, आपण नुसती पोर नाही, आपण बुरूड आहोत.

ती धावत आबाकडं गेली. आबानं एक डोळा उघडला. "घाणेरी! बुरडाच्या घरात घाणेरी आणलीस?" म्हणाला आणि परत भिंतीकडं वळला.

झुंबरला रडू आलं. तिनं ते गिळलं आणि कोयती घेऊन आणखी काड्या तोडायला गेली. जळफळत एकामागून एक झुडूप तोडत सुटली. एका दाट झुडपावर कोयती उगारली आणि तशीच थांबली. आत बुलबुलाचं घरटं होतं. त्यात तीन पिल्लं, अंगावर पीस नाही, चोची मात्र वासून बसलेली. झुंबरनं कोयती खाली घेतली. घरट्यावर ऊन येत होतं, म्हणून शेजारच्या दोन फांद्या ओढून तिनं वर सावली केली आणि ती पुढच्या झुडपाकडं वळली.

"एवढ्या रागातसुद्धा हे झुडूप सोडलंस होय गं?"

आवाज असा गोड, की जणू मधमाशीनंच विचारलं. झुंबरनं वळून पाहिलं. फुलांच्या झुबक्यावर अंगठ्याएवढी परी बसली होती! घागरा कडेला गुलाबी, मध्ये पिवळा. गळ्यात काळ्याजांभळ्या फळांची माळ, चकाकणारी. पंख चतुर किड्याच्या पंखांहून पातळ, हलले की त्यांतून सात रंग सांडायचे. आणि वास? वास घाणेरीचाच.

"पिल्लं आहेत त्यात. दिसत नाही का?" झुंबर म्हणाली. "तू कोण?"

"मी इथली परी. हे माझं घर. तू ते राखलंस, म्हणून तुला तीन इच्छा देते, झुंबरबाळ."

"तर मग बांबू दे!"

"थांब, आधी नेम ऐक. मागायचं ते तुझं स्वतःचं हरवलेलं असायला हवं. बांबू तुझा नव्हता, तो डोंगराचा होता. आपल्या मर्जीनं फुलला आणि गेला. दुसरा नेम असा, की हरवलेलं परत आणलं, की त्याच्या जागी जे तुझ्याकडं आलं असेल ते मी घेऊन जाणार."

"देतेस का सौदा करतेस?"

"नेम माझ्याहून जुने आहेत गं," परी हळूच म्हणाली.

झुंबरचा विश्वास बसेना. "खोटं बोलत नसशील तर माझा पडलेला दात आण बघू!"

परीनं बोट फिरवलं. चांदीचा बारीक भुगा उडाला, टिंग वाजलं, आणि झुंबरच्या तोंडात दुधाचा दात आला. लुकलुकत होता. तिनं जिभेनं चाचपलं. नवा दात गायब!

"अगं, माझा नवा दात कुठाय?"

परीनं मूठ उघडली. तळहातावर मोत्याचा कण चमकत होता. "हा बघ. दुधाच्या दाताच्या जागी हाच आला होता ना?"

"दे परत! मला हा हलणारा नको!"

पुन्हा टिंग. नवा दात जागेवर आला आणि दुधाचा गेला.

"दोन इच्छा एका दातात घालवल्यास की गं!" परी पोट धरून हसली.

"हसू नकोस," झुंबर गुरगुरली. पण आता तिला नेम नीट कळला. ती दगडावर बसून विचार करायला लागली. माळावर टेम्पो उभा राहणार, घराला कुलूप लागणार, आणि आबा भिंतीऐवजी विटांकडं तोंड करून बसणार. ती दगडावरून उठली. मग म्हणाली, "माझा आबा दे."

"तो तर घरी आहे."

"घरी आहे तो भिंतीचा आबा आहे. माझा हरवलाय."

परीचे पंख मिटले. सात रंग विझले. "बाळ, आबानं कोयती टाकली तेव्हा ती कुणी उचलली?"

"मी."

"तो कामाला बसलेला असता तर तुझ्या हाती कोयती कधी आली असती का? तुझ्या हातांत जे आलं ते त्याच्या जागी आलं. ते मी घेऊन जाणार. दुरडीसुद्धा उसवून जाईल. बघ, पुन्हा विचार कर."

झुंबरनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. आजवर घरात जे होतं ते आईचं होतं, आबाचं होतं. तिचं तिचं असं हे पहिलंच होतं, आणि ते मिळवायला तिचं रक्त निघालं होतं.

"हात नेणार का?" तिनं विचारलं.

"नाही."

"कोयती?"

"नाही."

"डोंगरावरची घाणेरी?"

"नाही गं बाई."

"मग ने काय न्यायचं ते!" झुंबरनं हात पुढं केले. "पुन्हा शिकेन. कुणी शिकवायला नव्हतं तेव्हासुद्धा शिकले. तू काय मला घाबरवतेस?"

परीनं तिच्या बोटांवरून अलगद पंख फिरवला. बोटांतून सोनेरी धूळ निघाली. परीनं ती एका पानात बांधली आणि पदराला खोचली. हात एकदम परके झाले, जणू उसने आणलेले. झुंबरनं ओठ दाबला, कोयती उचलली आणि एक काडी घेऊन घरी आली. दाराशी दुरडीच्या नुसत्या काड्या पडलेल्या होत्या.

ती तिथंच बसली आणि काडी चिरायला लागली. कोयती घसरली, काडी तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली.

"हे काय चाललंय?" आतून आवाज आला. "काडी चिरतेस का तिचा जीव घेतेस?"

आबा उंबऱ्यात उभा होता! केस विस्कटलेले, अंगावर भिंतीचा चुना, पण डोळे झुंबरच्या आबाचे.

"शिकव, नाहीतर गप बस," झुंबर म्हणाली.

"घाणेरी कधी चिरली नाही मी."

"म्हणजे तुलाही येत नाही. मग बस खाली, दोघं मिळून चुकू."

आबा हसला. खाली बसला, काडी घेतली, वाकवली, दातानं सोलून बघितली आणि थुंकला. "साल चिवट आहे. हिरवी सोलून चालायची नाही. उकळून बघू."

आई रानातून आली तेव्हा चुलीवर हंडा रटरटत होता. तिनं नाकाला पदर लावला. "अगं बाई, कसलं कालवण हे?"

"जेवायचं नाही, विणायचं आहे!" दोघं एकदम ओरडली. आईनं आबाकडं पाहिलं, झुंबरकडं पाहिलं. पदर खोचला आणि हंड्याखाली जाळ सारला.

उकळल्यावर साल चिंध्यांसारखी निघाली. आत पांढरीशुभ्र, गुळगुळीत काडी, आणि वास गेलेला. झुंबरनं पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा बोटं कापली, पुन्हा उसवलं. आबा चिडवायचा, ती उलटून बोलायची, आणि विणता विणता दोघांनी एक काडी आडवी, एक उभी, मधे दुहेरी असा वेगळाच पेच शोधला. बांबूला तो कधी लागला नव्हता. घाणेरीला लागत होता.

अमावास्या झाली आणि टेम्पो आला. नाना ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न वाजवायला लागले. "चला, आवरलं का?"

"नाना, आम्ही येत नाही," आबा म्हणाला. "आमच्या जागेवर तुम्ही ऐसपैस पाय पसरा."

"आणि खाणार काय? घाणेरी?"

"तुम्ही विटा खाता का नाना?" झुंबरनं विचारलं.

ड्रायव्हर खो खो हसला. नाना लालेलाल झाले. टेम्पो धुरळा उडवत गेला.

आठवड्याच्या बाजारी तिघं त्या पेचानं विणलेली नवी सुपं घेऊन बसली. बायका यायच्या आणि कशाचं म्हणून विचारायच्या. घाणेरीचं म्हटलं की नाकाला पदर.

"मावशी, सूप पाखडायला असतं, हुंगायला नाही," झुंबर म्हणाली. "धान्य घाला आणि बघा."

एकीनं हट्टानं मूठभर ज्वारी घातली, पाखडली, आणि पुन्हा पाखडली. संध्याकाळपर्यंत एक सूप उरलं नाही. तांदूळ आणि गूळ घेऊन तिघं डोंगराच्या वाटेनं घरी निघाली.

वाटेत झुडपावर परी बसली होती. बुलबुलाची पिल्लं आता उडायला शिकली होती. परीनं पदराची पुडी काढली. पानातून सोनेरी उजेड झिरपत होता. "झुंबरबाळ, आजवर माझ्याकडून सगळ्यांनी घेतलंच. देऊन तरातरा निघून गेलीस ती तूच. हे तुझं तुला परत. नेम मोडला तर मोडला."

झुंबरनं पुडीकडं पाहिलं, मग आपल्या बोटांकडं. बोटांवर नवे घट्टे होते.

"नको. त्यात नुसती वाकडी दुरडी येत होती. आता मला सूप येतंय."

परी आधी चकित झाली, मग हसली. हसता हसता तिचा घागरा उजळला, माळेतलं फळ न् फळ दिव्यासारखं पेटलं. पंखांतून गुलाबी, पिवळा, केशरी उजेड निघाला आणि डोंगरभर पसरत गेला. त्या उजेडात वेडीवाकडी घाणेरी सरसर सरळ झाली. एकेक काडी उंच, सडसडीत, सूत धरल्यासारखी. उजेड विरला तेव्हा परी नव्हती. फुलं तेवढी हलत होती.

आबा तोंड उघडं टाकून बघत राहिला. झुंबर मात्र कमरेवर हात ठेवून आभाळाकडं ओरडली, "मी मागितलं नव्हतं हं!"

"म्हणून तर दिलं," लांबून आवाज आला.

"बरं बरं. पण याच्या बदल्यात काही न्यायचं नाही, सांगून ठेवते!"

आबा हसला आणि तिघं घराकडं वळली.

ज्याला गोष्ट पटली त्यानं पांघरूण ओढून झोपावं. ज्याला नाही पटली त्यानं सकाळी उठावं आणि घाणेरीची एक काडी सोलून बघावी.