कान नसलेला चेहरा

“...म्हणजे ती नळी आता मरेपर्यंत डोळ्यातच राहणार?” मास्तरांनी विचारलं.

“राहणार. पण तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही.”

डॉ. सुधन्वा केरकर हसला. काचबिंदूचं अवघड दुखणं असलं की लोक कोल्हापूरला त्याच्याकडे येत. समोर बसलेले झांट्ये मास्तर मालवणच्या शाळेत त्याला चित्रकला शिकवायचे. माझा हात मास्तरांनी घडवला, असं तो प्रत्येक सत्कारात सांगे.

मास्तरांचा डावा डोळा काचबिंदूनं पुरता गेला होता. उजव्यावर एकदा दुसरीकडे शस्त्रक्रिया झाली, पण पाणी बाहेर जायला केलेली वाट जखम भरताना बुजली. मग पुतण्या त्यांना इथे घेऊन आला. सुधन्वानं वरच्या पापणीआड एक छोटी चकती शिवली आणि तिची केसासारखी नळी डोळ्यात सोडली. साचलेलं पाणी त्या वाटेनं झिरपू लागलं.

“डोळ्यातला दाब तेरावर आलाय, मास्तर! चाळीसच्या पुढे होता. एवढ्या बिघडलेल्या डोळ्यात नळी अशी बसवणारे फार नाहीत.”

“छान काम केलंस.” मास्तर जरा थांबले. “आणि नजर... ती कधी येईल?”

सुधन्वानं समोरची फाइल मिटली.

“आहे ती टिकेल. गेलेली... नाही येत.”

“बरं.”

मास्तरांनी टेबलाची कड चाचपली.

“किती गेलीय, ते कळतं तुला?”

“कळतं की. मशीनवर सगळं येतं.”

“एक कागद दे. पेन्सिल असली तर पेन्सिल. आणि हलू नकोस.”

सुधन्वाला गंमत वाटली. तो ताठ बसला. मास्तरांनी नजर त्याच्या नाकावर रोखली. ती कागदावर जाई, परत तिथेच येई. रेघ अजून तशीच होती, न थरथरणारी.

त्यांनी कागद पुढे सरकवला.

डोळे, नाक, ओठ... अगदी त्याचेच. पण रेघा गालांवरच थांबल्या होत्या. पुढे कोरा कागद.

“कान राहिले, मास्तर. केसही.”

“दिसतं तेवढंच काढलं.”

सुधन्वा चित्राकडे बघत राहिला. तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“कडेची नजर अशी एकाएकी जात नाही,” तो हळूच म्हणाला. “चार-पाच वर्षं तरी चाललं असणार.”

“असेल. दाराची चौकट खांद्याला लागायची. मला वाटलं, म्हातारपण.”

“पण मी येत होतो ना! दर गुरुपौर्णिमेला घरी येत होतो. तुमच्यासमोर बसत होतो...”

“येत होतास. एकदा तुझा चहा मी टेबलाच्या बाहेरच ठेवला. कप फुटला. तू म्हणालास, असू द्या मास्तर, मला तसंही निघायचंय.”

सुधन्वाचं बोट चित्राच्या कोऱ्या कडेवर थांबलं.

“खाली गाडी उभी होती तुझी.”

बाहेर नर्सनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. सुधन्वाला ते ऐकू आलं नाही.

“त्या वेळी एकदा जरी तपासलं असतं... नुसत्या थेंबांवर भागलं असतं कदाचित. नळी नको, काही नको. दोन्ही डोळे...”

मास्तरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सुधन्वाला वाटलं.

तो खुर्चीतून उठला. टेबलाला वळसा घालून मास्तरांपुढे आला आणि दर वर्षी वाकायचा तसाच खाली वाकला.

मास्तरांनी चाचपडत त्याचे खांदे शोधले आणि त्याला मध्येच थांबवलं.

“माझ्या पायांना काही झालेलं नाही रे.”