काजळ्याचं रडणं

फार मागे, डोंगराखालच्या गावात गोजरा कुंभारीण राहायची. तिला फेफरं यायचं. ते येण्याआधी तिचा कुत्रा काजळ्या हेल काढून रडायचा.

"हा रडतो म्हणूनच दुखणं येतं," म्हणत गावकऱ्यांनी त्याला शिवेवर बांधलं.

भर दुपारी दुखणं शिवेवर आलं. त्या दुखण्याची सावली पडत नव्हती. "आज मी न सांगता गोजराकडे जाणार," ते हसलं.

"जा. माझा आवाज तुझ्याआधी पोचेल," म्हणत काजळ्या गळा फाटेस्तोवर रडला.

पेटत्या भट्टीपाशी गोजरानं ते ऐकलं आणि ती दूर जाऊन आडवी झाली.

शुद्धीवर आल्यावर तिनं स्वतः जाऊन त्याचा दोर सोडला.

आता ती न घाबरता एकटीच भट्टी लावते. काजळ्या रडला, की लांब जाऊन बसते आणि रिकाम्या वाटेकडे बघत म्हणते, "ये. मी केव्हाची बसलेय."